तुम्ही विचारलंत म्हणून: तीन शिट्ट्यांचं चिकन मी सहा तास का शिजवते

विचारणारे वेगवेगळे, प्रश्न तोच. "अगं, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या की चिकन तयार, तू सहा-सहा तास ते स्लो कुकरचं भांडं लावून काय बसतेस, आणि वर ते फ्रीझरमध्ये कोंबून महिनाभर आईला शिळं घालतेस?" ऑफिसमधल्या विचारतात, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, नेरूळचा मावसभाऊ तर फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारतो आणि शेवटी हात जोडलेला इमोजी टाकतो. दर वेळी मी "वेळ वाचतो रे" म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाहीये. वेळ काडीचाही वाचत नाही, उलट शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ त्यातच जाते.

आधी ते 'शिळं' प्रकरण मिटवू. सकाळी केलेलं चिकन मे महिन्यात ऐरोलीच्या दमट हवेत ओट्यावर झाकून ठेवायचं आणि रात्री परत उकळी काढून खायचं, हे तुमच्या लेखी ताजं. आणि माझं, शिजल्यावर दोन तासांच्या आत गार करून उणे अठरा अंशांत गोठवलेलं, ते शिळं. असू दे. फ्रीझर जंतू मारत नाही, नुसते थांबवतो, हे मलाही माहितीये, म्हणून तर सगळी धावपळ फ्रीझरच्या आधी असते. रविवारी पहाटे उठून भांड्यातलं सगळं दोन परातींत पातळ पसरायचं, वर पंखा, मग फ्रिज, मग पाकिटं. खोल पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जंतूंना कोमटच आवडतं. पाकिटं वहीसारखी चपटी करते म्हणजे उभी लागतात आणि लवकर सुटतात. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवायचं, ओट्यावर नाही. दोन-तीन महिन्यांच्या आत संपवायचं, आमच्याकडे तेवढं टिकतच नाही.

भांड्याबद्दलही सांगते कारण त्याच्याबद्दल फार गैरसमज आहेत. चिनी मातीचं जड भांडं, बाहेरून कॉइल, वर काचेचं झाकण, बास. माझं दोनशे वॅटच्या आसपास आहे, म्हणजे सहा तासांना सव्वा युनिट धरा. त्यात कांदा लाल होत नाही, खोबरं भाजलं जात नाही, ते आधी कढईत करून घ्यावंच लागतं आणि जो म्हणतो सगळं कच्चं टाका नि विसरून जा, त्याने आपल्या पद्धतीची कोंबडी खाल्लेली नाही. पाणी घालायचं नाही, वाफ बाहेर जात नाही त्यामुळे चिकनचंच भरपूर सुटतं. ब्रेस्ट पीस त्यात चोथा होतो, म्हणून फक्त लेग आणि थाय. भांडं दोन तृतीयांशच भरायचं. गोठलेलं चिकन थेट घालायचं नाही, ते धोक्याच्या तापमानातून वर यायला फार वेळ घेतं. बटाटा घालायचा नाही, फ्रीझरमधून स्पंज होऊन बाहेर येतो. आणि मी खोबऱ्याचं वाटपही त्यात घालत नाही, नुसता कांदा-टोमॅटो-आलं-लसूण-हळदीचा बेस ठेवते, ज्या दिवशी खायचं त्या दिवशी वाटप घातलं की रस्सा, भातात घातलं की पुलाव, नुसतं गाळलं की आईचं सूप.

झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली वाफ आणि उष्णता परत जमायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. (आमच्याकडे हा नियम कोण मोडतं ते कळेलच.)

आता खरं कारण.

आईच्या विसरण्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं, पण नाव मिळाल्याने घरात काही बदललं नव्हतं. ती सकाळी आंघोळ करून, देवाचं करून, स्वयंपाकाला लागायची, मी महाप्याला ऑफिसला. एका मंगळवारी साडेअकराच्या सुमारास शेजारच्या वहिनींचा फोन आला, ताई तुमच्याकडून जळका वास येतोय, आणि आई दार उघडत नाहीयेत. मी मीटिंगमधून उठले ती पर्स टेबलावर ठेवूनच, खाली येऊन रिक्षा पकडली, ठाणे-बेलापूर रोडला रबाळ्याच्या अलीकडे ट्रेलर आडवा, रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी वहिनींना परत परत फोन लावतेय आणि त्या उचलत नाहीयेत. त्या उचलत नव्हत्या कारण तेव्हा आईने दार उघडलं होतं आणि त्या आत जाऊन गॅस बंद करत होत्या, हे मला नंतर कळलं.

मी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. खिडक्या उघडलेल्या, एक्झॉस्ट चालू, वहिनी दारात, आणि आई ओट्यासमोर उभी, हलायला तयार नाही. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून गेलेला. आत तुरीची डाळ, धुतलेली, निथळलेली, वर हिंग-हळद घातल्याचं दिसत होतं कडेला, बाकी सगळा कोळसा. पाणीच घातलं नव्हतं. पाणी नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर शिट्टी नाही. आणि आई शिट्टीची वाट बघत होती. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेराखाली टेकवून, मोजायला तयार, गॅस बंद झालाय हेही तिच्या लेखी नव्हतं. मला बघून म्हणाली, "थांब गं, पहिली पण नाही झाली अजून."

मला स्वयंपाक हिनेच शिकवला, तो शिट्ट्यांच्या हिशेबाने. डाळीला इतक्या, ब्रॉयलरला तीन, गावठीला सात, पाहुणे म्हातारे असतील तर आठ. तिने पेरांवर मोजायचं आणि आम्ही अभ्यास करता करता ऐकायचं, चुकलं तर तिला चालायचं नाही. त्या बाईला "आई, ही शिट्टी होणारच नाहीये" हे कसं सांगतात, तुम्ही सांगा. मी सांगितलं नाही. वहिनींनी तिला हळूच हॉलमध्ये नेलं आणि तिथे बसूनही तिचा अंगठा पेरावरच होता.

तर तुम्ही म्हणता कुकरला तीन शिट्ट्या. मला शिट्टी नकोय घरात.

त्यानंतर मी निघताना गॅसच्या पाइपचा कॉक बंद करते, वर ओट्याखालच्या कपाटाला कुलूप. दुपारपर्यंत कामाच्या मावशी असतात, त्या मायक्रोवेव्हमध्ये चांगलं वाफ येईपर्यंत गरम करून वाढतात. इंडक्शन आणलं होतं, त्याच्या टच बटणांवर आई बोट दाबत राहायची आणि चिडायची. डबा लावून बघितला, भाज्या बऱ्या होत्या, चिकन मात्र लालभडक आणि गोडसर, आईने घास बाहेर काढून ठेवला. मग हे भांडं. शनिवारी रात्री लावायचं, मी झोपलेली असताना शिजतं, ज्योत नाही, शिट्टी नाही, कोणी समोर उभं राहायला लागत नाही. आणि माझं सगळं उत्तर खरं तर इथेच आहे, मला वेळ वाचवायचा नाहीये, मला आठवडाभर त्या ओट्यासमोर कोणी हजर असायला नकोय.

"परदेशी फॅड" म्हणणाऱ्यांसाठी: हे ज्या आयर्विंग नॅक्सनने बनवलं, १९४० साली अमेरिकेत पेटंट घेतलं, त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या गावची गोष्ट सांगितली होती. शुक्रवारी संध्याकाळनंतर ज्यू घरांत विस्तव पेटवायचा नाही, म्हणून भांडी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायची आणि मंद धगीवर रात्रभर शिजू द्यायची. विस्तव पेटवता न येणाऱ्या घरांचीच सोय आहे ती. आमचंही तसलंच घर आहे, कारण वेगळं.

सगळं छान चाललंय असं नाही. पहाटे तीनला वासाने आई उठते आणि "कोण येणार आहे जेवायला?" विचारत झाकण उघडते, कधी मीठ घालते, म्हणून मी आता सुरुवातीला मीठ अर्धंच टाकते. सहा तासांनी मांस हाडावरून निसटतं ते तिच्या कवळीला बरं, पण बारीक हाडं आणि कुर्च्या सुट्या होऊन रश्शात फिरतात, त्या रविवारी बोटांनी चाचपून एकेक काढाव्या लागतात. लाइटचंही आहे. रविवारी उठल्यावर मी आधी मायक्रोवेव्हचं घड्याळ बघते, ते शून्यावर आलेलं असलं म्हणजे रात्री लाइट गेली होती आणि किती वेळ ते कळायला मार्ग नाही. एका पावसाळ्यात असं अख्खं भांडं ओतून दिलं. काकूंनी त्यावरही "वास तर बरा येतोय की" म्हटलं.

२०१९ मधली मी हे वाचून हसली असती. रविवारची कोंबडी रविवारीच संपली पाहिजे, फ्रीझर बर्फाला आणि मटारला, असं मीच सगळ्यांना ऐकवायचे, ऑफिसमधल्या एकीला तर तोंडावर. २०१९ मधल्या त्या मला मी आजही पूर्ण चूक म्हणणार नाही. आईच्या रश्शाची सर याला नाही, कढईत तासभर परतलेल्याचा खमंगपणा यात येत नाही म्हणजे नाहीच. आई जेवताना म्हणते, "कोणी केलंय? शिजलंय मऊ, हाताला चव नाही."

आणि मावसभाऊ म्हणतो की तू तिचं कसबच काढून घेतलंस, त्याने ती अजून लवकर विसरेल. हे मला रात्री सुचत नाही असं समजू नका. मी समोर उभी राहून तिला करू देऊन बघितलं, ती म्हणाली पहारा देतेस का माझ्यावर, आणि उलथनं टाकून निघून गेली. लसूण सोलते, तेवढा तिच्याकडे आहे. शनिवारी ताटभर सोलून देते, एक साल राहत नाही. बाकी दिवस मधेच उठून शेगडीचा नॉब फिरवते, पेटत नाही, मग मला फोन, "गॅस संपलाय, नंबर लाव." सिलिंडर जाऊन पाइप गॅस येऊनही काळ लोटला. मी म्हणते, "लावलाय आई, उद्या येईल." रोज म्हणते. हे बरोबर की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही, आणि ज्यांना ठरवता आलंय त्यांच्या घरी आई राहत नाही.

किती लिटरचं घेऊ विचारणाऱ्यांना: दोघा-तिघांना साडेतीन लिटर पुरतं, मोठं घेतलंत आणि निम्म्याहून कमी भरलंत तर करपतं. मावसभावाला मी कळवलंय की दिवाळीत चार दिवस येऊन राहा, कॉक कुठे आहे ते दाखवते, कोंबडी तू आणि तुझी मावशी, म्हणजे माझी आई, मिळून करा. त्याने मेसेज वाचलाय, निळी खूण दिसतेय.