ऐन पेरणीत वारी? तुम्ही विचारलंत म्हणून

“एवढे कष्टाळू म्हणता, मग ऐन पेरणीत शेत टाकून तुमचे आबा वारीला कसे जायचे?” आषाढी जवळ आली की माझ्या आजोबांबद्दल हे कुणीतरी हटकून विचारतं. त्यात एक बारीक टोचणी असते: एक तर कष्ट खोटे, नाहीतर भक्ती. आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच सांगून टाकतो.

आमच्याकडे आषाढात पेरणी नसतेच. मंगळवेढ्याची भारी काळी जमीन रब्बी ज्वारीची. मालदांडी या ज्वारीच्या जातीची पेरणी साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पोंगे, म्हणजे कोवळे शेंडे, मारते, उशीर केला तर वरची ओल उडून जाते आणि बी कोरड्यात पडतं. एकरी चार किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट. वरून पाणी द्यायचं नाही, जमिनीत जे मुरलंय त्यावरच कणीस भरायचं. पाऊस आला की पेरायचं, एवढीच शेती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कितीदा सांगायचं?

कष्टांबद्दल शंका असेल तर पाभरीमागे, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारामागे, चालून बघा. वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला का हे आबा हातानं ठरवायचे. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर औत घालायचं, पडून चपटा झाला तर बैल परत गोठ्यात. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ त्यांचीच. एका नळीत चिखल अडकला तर वरून काही कळत नाही. आठवड्यानं सगळ्या ओळी उगवतात आणि मधली एक मोकळी राहते. म्हणून वळणावर प्रत्येक वेळी पाभर उचलून नळ्या बघायच्या. पुढे तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती हलवणं. पहिल्या दोन तणासाठी, शेवटची भेगा बुजवायला, कारण काळ्या रानातली ओल भेगांतूनच उडते. कणीस चिकात आलं की भोरड्या पाखरांचे थवे उतरतात, दिवस उगवताना आणि मावळायच्या आधी. तेव्हा आबा घरी झोपायचेच नाहीत. माच्यावर घोंगडं, उशाला गोफण, हरिपाठ तिथेच. खरं सांगायचं तर राखण हे निमित्त होतं. छपराखाली त्यांना झोपच लागायची नाही.

आता वारी. आमच्या गावाहून पंढरपूर एका दिवसाच्या चालीवर. तरी हा माणूस एसटीनं आधी आळंदीला जाणार आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींबरोबर निघून दिवे घाट, जेजुरी, लोणंद, फलटण करत चालत परत येणार. हसा खुशाल, आजीही हसायची. अधिक महिन्यामुळे आषाढी कधी जूनअखेर, कधी जुलैच्या शेवटी येते. दोन्ही वेळा आमचं रान बिनपिकाचं. कॉलेजात असताना मी मित्रांना छातीठोकपणे सांगायचो की वारी म्हणजे रब्बीवाल्याची सुट्टी, पंचांग आणि पीक एकमेकांना धरूनच आहेत.

पण बांध फुटला ते वर्ष या हिशेबात बसत नाही.

पालखी नातेपुते-माळशिरसच्या टप्प्यात होती आणि आमच्याकडे एका रात्री आर्द्रा नक्षत्राचा पाऊस कोसळला. उताराच्या रानाला खालच्या अंगाला मातीचा बांध होता. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात तडकतो, वर उंदरांची बिळं. पहिल्या जोराचं पाणी बांधावरून जात नाही, त्याच्या पोटातून वाट काढतं. आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी, आणि मग माथा एकदम खचतो. म्हणून मृगाआधी भेगा उकरून, ओली माती भरून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचं, आणि सांडवा साफ करायचा. सांडवा माथ्यापेक्षा फूटभर खाली आणि दगडांनी बांधलेला हवा, म्हणजे जादा पाणी माती न नेता जातं. त्या वर्षी सांडव्यात गाळ होता. आबांना ते दिसलेलं होतं. “आल्यावर बघू” म्हणून ते गेले होते.

कंदिलाच्या उजेडात आजी आणि नववीतले माझे वडील बारदानात माती भरून भगदाडात टाकत राहिले. माती सैल, पाणी ती पोत्यासकट ढकलत होतं. सकाळी बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती. दहा-बारा गुंठ्यांतली वरची माती ओढ्यात, खाली पांढरा मुरूम उघडा.

दशमीला गावची माणसं पंढरपुरात पोचली, त्यांनी आबांना सांगितलं. द्वादशीला पारणं सोडून ते घरी येऊ शकले असते. आले नाहीत. पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला करूनच आले. मला याचं समर्थन करता येत नाही, आणि ते मी करणारही नाही. आजीनं पाय धुवायला पाणी दिलं नाही. “इठोबा येतोय व्हय बांध घालाया?” एवढंच म्हणाली. आबा तसेच रानात गेले.

बांध त्यांनी नीट घातला, हेही सांगायला हवं. भगदाडात नुसती माती लोटली तर पुढच्या पावसात तिथेच फुटतं. त्यांनी तुटलेल्या दोन्ही तोंडांना पायऱ्या कापल्या, म्हणजे नवी माती जुनीला धरते. तळाशी दीड फूट चर खणला. मग वीतभर थर, पाण्याचा शिपका, धुम्मस, पुन्हा थर. माती बसते म्हणून उंची सव्वापट ठेवली, वर हरळीचे गड्डे लावले. ओढ्यातला गाळ पुढचे दोन उन्हाळे गाडीनं परत आणला. तरी त्या तुकड्यात ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, कडबासुद्धा बैलांपुरता नव्हता.

शिवाय आषाढात रान रिकामं असतं हेच मुळात अर्धं खरं. कुळवाच्या पाळ्या तेव्हाच, पाणी अडवायचं तेही तेव्हाच. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र 1933 पासूनचं. रब्बीच्या रानात पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी वरंबे असलेले चौकोन, घाला, हीच त्यांची शिफारस. हस्तातल्या पेरणीची ओल आषाढातच साठवायची असते. म्हणजे तीन आठवडे घर सोडण्याची किंमत होती, आणि ती आजी मोजत होती.

मग सुट्टीचा माझा सिद्धांत? शेगावहून गजानन महाराजांची पालखी मृगाच्या सुमारास विदर्भातून निघते, कापूस-सोयाबीनच्या मुलखातून. त्या दिंडीतल्या शेतकऱ्याला कुठलं पंचांग सवड देतं?

पुढच्या ज्येष्ठात आबा पुन्हा आळंदीला गेले. सांडवा वैशाखातच साफ केला होता, आजीला नेऊन दाखवलाही. ती गेली, बघितला, आणि काही न बोलता परत आली. वडील मात्र कधीच वारीला गेले नाहीत. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही, का नाही गेलात म्हणून.