टाटामोबाइल २०६: नवा पत्रा, जुनी कॅबिन

दरवाजा आणि डाव्या मडगार्डमधली फट वरच्या टोकाला ११ मिमी आणि खालच्या टोकाला ४. नवंकोरं डुप्लिकेट मडगार्ड पहिल्यांदा बोल्टवर टांगलं तेव्हाचं हे माप. असं काही दिसलं की पहिली शिवी जाते ती मडगार्ड दाबणाऱ्याला. आमच्या डेंटरमामांनी मात्र मडगार्डकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दरवाजा अर्धा उघडला, मागच्या कडेखाली हात घातला आणि उचलला. बिजागरीत टक् आवाज आला.

"दादा, ते मडगार्ड राहू द्या बाजूला. तुमचा दरवाजाच लोंबलाय."

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी १९९० ची टाटामोबाइल २०६, सिंगल कॅबिन. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये ही पिकअप आणली. ती बनली इथेच, पुण्याच्या कारखान्यात. हिच्याच पायावर पुढे १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट आली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन मागच्या उन्हाळ्यात उघडून बांधून झालं, चासीला रंग लागला, हौदा उतरवून शेडच्या भिंतीला उभा आहे. आता पत्र्याची पाळी. काम भोसरीत मामांच्या शेडमध्ये चाललंय. सुटीच्या दिवशी मी हाताखाली असतो. मदतीपेक्षा लुडबुड जास्त, असं मामांचं मत.

आता त्या फटीबद्दल, कारण या टप्प्यातलं खरं काम तिथेच झालं. फट वर मोठी आणि खाली लहान असेल तर कारणं दोन असू शकतात, आणि दोन्हींची खूण एकच. एक म्हणजे बिजागरीची पिन झिजलेली. दरवाजा मागच्या बाजूने खाली लोंबतो, त्यामुळे त्याची पुढची कड वर मागे सरकते आणि खाली पुढे येते. दुसरं म्हणजे पुढे रेडिएटरच्या चौकटीखालची रबरं बसलेली. मडगार्डचं नाक खाली जातं आणि मागची कड वरच्या बाजूला दरवाजापासून सुटते. कुठलं कारण आहे हे ओळखायला दरवाजाची मागची कड बघायची. दरवाजावरची घडी (पत्र्यावर दाबलेली आडवी रेघ) कॅबिनवरच्या घडीच्या खाली गेली असेल तर बिजागरी. मागे सगळं एका रेषेत असूनही पुढे फट असेल तर रबर. आमच्याकडे दोन्ही होतं. पुढची रबरं काढली तर एक पापडासारखं चपटं होऊन निघालं, दुसऱ्याच्या जागी कुणीतरी टायरचा तुकडा कापून घातला होता.

बिजागऱ्यांची भोकं लंबगोल झाली होती. शेजारच्या लेथवाल्याकडून ती गोल करून पितळी बुश घातले आणि नव्या पिना बनवून घेतल्या. नवीन रबरं, एका बाजूला दोन वायसर. मडगार्डचा एकही बोल्ट न हलवता फट वर ६ आणि खाली साडेचारवर आली. म्हणजे ज्या ७ मिमीसाठी आपण मडगार्डवाल्याला शिव्या घालणार होतो त्यातले साडेपाच आपल्याच गाडीचे होते. राहिलेला दीड खरंच त्याचा. त्यासाठी बोल्टची भोकं गोल कानशीने लांबवली आणि वरच्या कडेवर वेल्डिंगच्या तारेचा बारीक थर चढवून घासून घेतला. आता वरपासून खालपर्यंत ४ ते ५ मिमी आहे. कारखान्यातून निघाली तेव्हाही यापेक्षा बरी असेल असं वाटत नाही.

यावरून आमच्या शेडमध्ये क्रम पक्का ठरलाय: आधी कॅबिन चासीवर सरळ, मग दरवाजे कॅबिनला, मग मडगार्ड दरवाजाला, आणि शेवटी बॉनेट दोन्ही मडगार्डना. पुढून सुरुवात करून मागे येणारे लोक शेवटी दरवाजा हातोडीने वाकवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पत्रा कुठून आणला, हा प्रश्न येणारच. हिचीच पुढची पिकअप, टाटा २०७, बरीच वर्षं निघत राहिली, म्हणून या कॅबिनचा पत्रा अजून मिळतो. मडगार्ड आणि दरवाजाच्या स्किन, म्हणजे बाहेरचे पत्रे, नाना पेठेतून घेतले. जुन्या बाजारात एका रविवारी एक ओरिजिनल मडगार्ड दिसलं होतं, पण हेडलाइटमागचा पत्रा चाळणी झालेला. कुजका ओरिजिनल की धडधाकट डुप्लिकेट, यात माझं मत डुप्लिकेटला. मात्र त्याला तयार पार्ट समजून आणू नये. आकार दिलेला कच्चा पत्रा घेतोय असं समजून आणावा, म्हणजे डोकं शांत राहतं.

दुकानात दोन गोष्टी तपासून घ्या. जाडी: मायक्रोमीटर खिशात ठेवा, लाजू नका. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७. माझ्या जुन्या मडगार्डचा गंज न लागलेला भाग ०.९ भरला. पहिल्या दुकानातलं नवीन ०.७ च्या आसपास होतं आणि अंगठ्याने दाबलं तर पिंपाच्या झाकणासारखं आत-बाहेर होत होतं. ते परत ठेवलं. दुसरी गोष्ट म्हणजे वरचा काळा रंग. थिनरमध्ये चिंधी भिजवून आतल्या बाजूला मिनिटभर घासायची. भट्टीतून काढलेला प्रायमर असेल तर चिंधी स्वच्छ राहते आणि त्याच्यावर हलका पेपर मारून पुढचे थर देता येतात. चिंधी काळी झाली तर तो फक्त गोदामात गंज चढू नये म्हणून मारलेला रंग आहे, सगळा उतरवून इपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करायची. आमची चिंधी काळीकुट्ट झाली. त्या रंगावर नवीन रंग मारला असता तर खालच्या थरासकट सोलून निघाला असता.

उजव्या दरवाजाचं काम जास्त रंगलं. बाहेरून खालच्या कडेला चार-पाच फोड एवढंच दिसत होतं. जुनी स्किन काढायला दरवाजाच्या कडेवर, जिथे पत्रा आत दुमडलेला असतो तिथे, ग्राइंडर अलगद फिरवायचा. घासता घासता एका क्षणी कडेवर केसाएवढी काळी रेघ उमटते. तिथे थांबायचं. दुमड मोकळी झालेली असते, आणखी घासलं तर आतली चौकट कापली जाते. मग वेल्डिंगच्या उरलेल्या डागांवर ८ मिमीचं ड्रिल आणि पातळ छन्नी. स्किन सुटली तेव्हा आतून ओंजळभर माती, पिंपळाची पानं आणि एक गंजलेलं चार आण्याचं नाणं निघालं. काचेचं रबर गेलेलं, पाणी आत येत राहिलं, खालची भोकं मातीने बुजली, आणि दरवाजा खालून वर कुजत गेला. नवीन स्किन चढवण्याआधी ती भोकं मोकळी केली नाहीत तर सगळी मेहनत पाण्यातच.

नवीन स्किन जुन्या गोधडीवर पालथी ठेवली, चौकट तिच्यात बसवली आणि दुमड फक्त चार ठिकाणी हलकी वळवली. एवढ्यावरच दरवाजा कॅबिनला टांगून पाहिला. ही पायरी फार कमी लोक करतात. दुमड पूर्ण बंद होईपर्यंत स्किन चौकटीवर एक-दोन मिमी सरकवता येते, नंतर नाही. आमची मागे दीड मिमी सरकवली, खाली उतरवली आणि मग मामांनी हातोडी आणि डॉली (पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला धरायचा लोखंडी ठोकळा) घेतली. एका दमात दुमडायचं नाही. पहिल्या फेरीत निम्मी, दुसऱ्यात जवळजवळ बसेल एवढी, तिसऱ्यात पक्की, कोपरे सगळ्यांत शेवटी. डॉलीला मास्किंग टेप गुंडाळलेली, नाहीतर बाहेरच्या बाजूला तिची नक्षी उमटते. दुमडीच्या आत आधीच इपॉक्सी लावून घेतला होता, तो कडेने बाहेर आला तो पुसला. मामांचा हात चालू असताना आवाज ऐकण्यासारखा असतो. पत्रा खाली टेकलेला असेल तर घट्ट ठक्, पोकळ असेल तर वेगळाच. ते बघत कमी आणि ऐकत जास्त होते.

फ्लोअर आणि दोन्ही सिल (दरवाजाखालचे उंबरे) यांचं काम कंटाळवाणं पण सरळ. कापण्याआधी दोन्ही दरवाजांच्या उघड्या जागेत चौकोनी पाइप आडवे डाग मारून घेतले, कर्ण मोजून फळ्यावर लिहिले. सिल कापल्यावर कॅबिन मिटते किंवा उघडते आणि मग कुठलाच दरवाजा लागत नाही. फ्लोअरचे तुकडे एकावर एक न ठेवता कडेला कड लावून जोडले. एकावर एक ठेवलं की मधल्या फटीत पाणी बसतं आणि काही पावसाळ्यांनी तोच कार्यक्रम पुन्हा. मिग वेल्डिंगने एक डाग इथे, पुढचा वीतभर लांब, आणि पत्रा उघड्या हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत चहा. सलग ओढलेलं वेल्डिंग दिसायला देखणं, पण पत्र्याला लाटा येतात.

पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी केशरी झालेला असतो. म्हणून नियम असा, की जेवढा भाग त्या दिवशी घासला तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर. पुट्टी आणि रंग पावसाळा सरल्यावरच. इथे मामांचा आणि माझा जुना वाद आहे. त्यांना पुट्टीवर पाणी लावून पेपर मारायची सवय, धूळ उडत नाही म्हणून. पुट्टी पाणी पिते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड येतात. मी कोरडाच पेपर मारायचा हट्ट धरलाय, पाणी लावायचं ते वर प्रायमर बसल्यानंतरच. सध्या तह झालाय: पुट्टी मी घासणार, कोरडी, तोंडाला मास्क लावून, आणि ते लांब बसून हसणार.

काहींनी विचारलं होतं की एवढा पत्रा बदलल्यावर व्हिंटेज नोंदणीचं काय. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमची २०४० मध्ये पन्नाशी गाठेल, तेव्हा बघू. तोवर एवढंच, की चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर न्यायचा नाही. आम्ही तो भाग टेप लावून झाकून ठेवलाय.

हौद्याचं फार काही नाही. तळाला नवीन जाड पत्रा, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या नवीन, एक कोपरा ट्रॅक्टर लागून चेपलेला तो जॅक लावून बाहेर काढला. पिकअपचा हौदा आरशासारखा करण्यात मला रस नाही. त्यात पुढेही सिमेंटच्या गोण्या पडणार आहेत.

उजवं मडगार्ड बोल्टवर आहे, फट वर ५, खाली ५, त्याला हातही लावावा लागला नाही. एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले दोन नग, तरी एक असं आणि एक तसं. बॉनेट जुनंच ठेवतोय. पुढची कड कुजलीय तेवढी पट्टी कापून नवी जोडायची आहे, पण मडगार्ड दोन्ही बाजूंनी पक्की होईपर्यंत कापायचं नाही असं ठरलंय. पुढच्या आठवड्यात रेडिएटरची चौकट शेवटची कसायची, मग बॉनेटच्या बिजागऱ्या. त्याही लेथवाल्याकडे जाणार असं दिसतंय.