स्टेलनबॉशचं जेवण: डोंगराला पैकीच्या पैकी

दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलनबॉश हे वाइनचं गाव केप टाउनहून तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवायची असल्याने बायकोने स्टिअरिंग आपणहून घेतलं. एन-टू महामार्गाला लागून बराच वेळ पत्र्याच्या झोपड्या दिसत राहतात. मग रस्ता डोंगरांकडे वळतो आणि एकदम द्राक्षमळे सुरू होतात.

सिमन व्हॅन डर स्टेल या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १६७९ मध्ये हे गाव वसवलं. पांढऱ्या भिंतींची जुनी घरं, रस्त्यांवर ओकची गर्द सावली. आम्ही गेलो तो फेब्रुवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा आणि द्राक्षतोडणीचा हंगाम. डोंगर निळे, मळे हिरवे, ऊन मात्र रणरणतं.

ज्या वायनरीत आम्ही वाइन चाखायला आणि जेवायला थांबलो तिचं नाव घेत नाही, कारण तिथली वाइन खरंच चांगली होती. टेस्टिंग काउंटरवरच्या बाईंनी घाई न करता एकेक बाटली उघडली. आधी शेनिन ब्लांक, या देशात सर्वांत जास्त लागवड असलेली द्राक्षं. मग पिनोटाज, ही रेड. ही जात इथलीच: १९२५ मध्ये अब्राहम पेरोल्ड या प्राध्यापकांनी पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून तयार केलेली. बायकोला गाडी चालवायची असल्याने ती प्रत्येक घोट चाखून बादलीत टाकत होती आणि तरीही माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारत होती. शेनिन तिला इतकी आवडली की जेवताना एक ग्लास तरी घेणारच, असं तिने जाहीर केलं.

जेवायला बाहेर गच्चीवर बसलो. समोर सिमन्सबर्ग. असा देखावा असला की स्वयंपाकघर निवांत होत असावं, कारण गिऱ्हाईक डोंगर बघत बसतं. आम्हीही बसलो. पाऊण तास.

शेनिन ग्लासवर मिळणार नाही, घ्यायची तर बाटलीच. पण आत काउंटरवर बाटली उघडीच आहे की! वेटर विद्यापीठात शिकणारा मुलगा होता, फार गोड बोलायचा. ओशाळून म्हणाला, "रेस्टॉरंट दुसऱ्या लोकांनी चालवायला घेतलंय. वाइनच्या तळघराचा आणि आमचा हिशेब वेगळा." पुढे जे जे झालं, त्याचं मूळ या एका वाक्यात होतं. मळा एकाचा, चूल दुसऱ्याची, आणि दोघांनी एकत्र बसून एकमेकांचं काही चाखलेलं नाही.

मी बोबोटी मागवली. केपला आल्यापासून ती खायची होती. त्या डच कंपनीने इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि आपल्याकडूनही माणसं गुलाम म्हणून इथे आणली. त्यांच्या हातून जे जेवण घडलं ते केप मलय म्हणून ओळखलं जातं, आणि बोबोटी त्यातली नावाजलेली. मसाल्यातला खिमा, वर अंड्या-दुधाचा थर, भट्टीत भाजलेला. सोबत हळदीचा भात. ताटात आलं ते काठाला करपलेलं आणि मध्ये कोमट. करी पावडर कच्ची. खिम्यात बेदाणे, भातात बेदाणे, वर जर्दाळूची चटणी, सगळं गोडमिट्ट. मेन्यूत या पदार्थापुढे पिनोटाज सुचवलेली होती. गोड घासावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन आंबट आणि कडवट लागते. आत मऊ वाटलेली तीच पिनोटाज इथे घशाला ओरबाडत होती.

त्यात छत्रीची सावली सरकली आणि बाटली उन्हात आली. रेड वाइन सोळा-अठरा अंशांना छान लागते. तापली की फळाचा वास मागे पडून नुसता अल्कोहोल नाकात जातो. मी बर्फाची बादली मागितली. "रेडसाठी?" मुलाने दोनदा विचारलं, पण आणली. दहा मिनिटांनी वाइन ताळ्यावर आली. बोबोटी काही आली नाही.

बायकोच्या वाट्याला बटरनट भोपळ्याचा रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात. शाकाहारी माणसाला या भागात भोपळा चुकत नाही, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. पण निदान शिजवायचा तरी! भाताचा दाणा दाताखाली कचकच करत होता. परत पाठवला, तर तोच पाणी घालून पुन्हा आला.

शेवटी मुलानेच माल्वा पुडिंग घ्या म्हणून आग्रह केला. जर्दाळूचा जॅम घातलेला गरम स्पंज, त्यावर लोणी आणि सायीचा पाक ओतलेला. उत्तम होतं! इतकं की आम्हाला जरा रागच आला. हे जमतं तर भात का नाही शिजत? त्याच्याबरोबर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन शोभली असती, पण तीसुद्धा बाटलीनेच.

तिकडे दहा ते पंधरा टक्के टिप देतात. आम्ही पंधरा दिली, त्या मुलाच्या तोंडाकडे बघून. उरलेल्या पिनोटाजला त्याने बूच लावून दिलं.

पुढे फ्रान्सहूक या जवळच्याच वाइनच्या गावी गेलो तेव्हा बायकोने वायनरीत शिरताच, टेस्टिंगच्याही आधी, किचन कोण चालवतं ते विचारलं. "बाहेरचे," असं उत्तर आलं. मग वाइन तिथे चाखली आणि जेवायला गावातल्या बेकरीत गेलो. एक चिकनचा आणि एक पालकाचा 'पाय' (pie, म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री), दोन्ही चटका बसेल इतके गरम.