मनगटाचा पट्टा सुटला तेव्हा

मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासता तपासता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, मनगटाची नस दबली. मीही महिनाभर मनगटाला पट्टा बांधून डोंबिवली ते दादर जा-ये केली. काही फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. हात डोक्यावर ठेवला की मुंग्या कमी व्हायच्या. स्टाफरूममध्ये तशी बसले की कुणीतरी विचारायचंच, "बाई, डोकं दुखतंय का?"

डॉक्टरांनी हाताची ताकद तपासली, ती ठीक होती. त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. हात डोक्यावर ठेवल्याने बरं वाटतं हे ऐकताच तिथल्या मुलीने लिहिणं थांबवून वर बघितलं. "काकू, मग मान बघायला हवी."

तिने मला उताणं झोपवलं. खांदा खाली दाबून धरला, हात बाजूला नेला, तळवा आणि बोटं मागे वाकवली आणि कोपर हळूहळू सरळ करत आणलं. एका ठिकाणी मुंग्या सुरू झाल्या. तिथेच हात धरून ती म्हणाली, "आता डोकं डावीकडे झुकवा." दंडापासून बोटांपर्यंत सणक गेली. "आता उजवीकडे." सगळं सैल पडलं. हात तर तसूभरही हलला नव्हता! महिनाभर मी मनगटालाच दोष देत होते.

मानेचे मणके 7, पण तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या 8. खालच्या चार आणि पाठीतली पहिली मिळून हाताच्या नसांचं जाळं होतं. ही नस एका जागी चिकटलेली नसते, हात-मान हलली की ती सरकते. मला परकराची नाडीच आठवली. दोन्ही टोकं एकदम ओढली तर ताणते. एक ओढून दुसरं सोडलं तर नेफ्यातून अलगद सरकते. व्यायामही तसाच होता: कोपर सरळ करताना डोकं त्याच बाजूला झुकवायचं, कोपर वाकवताना परत मध्ये आणायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा, मुंग्या यायच्या आत थांबायचं.

मी उत्साहाने पन्नास वेळा केलं. त्या रात्री हाताने झोपू दिलं नाही. हा स्नायूंचा व्यायाम नाही, दुखेपर्यंत ताणण्यात काही मिळत नाही, हे तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट समजावलं.

खरा वेळ लागला तो पाठीला. खांद्यांच्या फऱ्यांमधली पाठ फळीसारखी ताठ होती. ती वळेना, म्हणून वर बघायचं, मागे वळायचं सगळं काम मान एकटी करत होती. पेपरांवर तासन् तास वाकणं, गाडीत खाली मान घालून मोबाइल, उजव्या खांद्यावर वह्यांची पिशवी. टॉवेलची गुंडाळी फऱ्यांखाली आडवी ठेवून रोज पाच मिनिटं पडून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने तीच तपासणी केली तेव्हा कोपर जवळजवळ पूर्ण सरळ झालं.

जूनमध्ये शाळा उघडली. फळ्यावर वार, तारीख, विषय लिहून झाला, तरी हात हलका होता. मधल्या बोटाच्या टोकाला किंचित बधिरपणा उरलाय. पंधरा दिवसांनी तो दाखवायला जायचंय.