अश्रूनलिकेतली ट्यूब, आणि मोठ्यांचं बाळांपेक्षा वेगळं का असतं

डोळ्यातून सारखं पाणी येतं असं सांगितलं की हमखास कुणीतरी म्हणतं, अगं आमच्या बाळाला पण होतं, मसाज केला आणि गेलं. बाळांचं जातं, कारण डोळ्यातलं पाणी नाकात नेणाऱ्या त्यांच्या नळीच्या (हीच अश्रूनलिका) खालच्या टोकाला एक पातळ पडदा राहिलेला असतो आणि तो बहुतेकदा वर्षभरात आपोआप उघडतो. मोठेपणी मात्र नळी आतून सुजून आकसत जाते, चाळिशीनंतर आणि बायकांमध्ये जास्त, त्यामुळे नुसत्या मसाजवर वाट बघत बसू नका असं मी अगदी कळकळीने सांगते. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा लाल होऊन सुजला, दुखायला लागला, पू आला तर त्याच दिवशी दाखवा, अश्रुपिशवीत, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाला जी छोटी पिशवी असते तिच्यात, इन्फेक्शन झालेलं असू शकतं.

आधी सिरिंजिंग करतात. पापणीच्या कडेच्या बारीक भोकातून सलाईन सोडतात, घशात खारट लागलं तर रस्ता मोकळा, माझं सगळं उलट डोळ्यातच आलं. (डोळे कोरडे पडल्यामुळेही पाणी येतं बरं का, म्हणून ते पण तपासून घ्या.) नळी अर्धवट बंद असेल तर कधीकधी नुसती ट्यूब घालून भागतं, पण पूर्ण बंद असेल तर बहुतेकदा डीसीआर करतात, म्हणजे अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडात खिडकी करून नवीन वाट काढायची. बाहेरून छेद देऊन किंवा नाकातून दुर्बिणीने, दोन्ही प्रकारे होतं. १९०४ मध्ये इटलीतल्या तोती नावाच्या डॉक्टरांनी हे ऑपरेशन मांडलं, मूळ कल्पना अजून तीच आहे.

माझ्या डीसीआरमध्ये सिलिकॉनची ट्यूब घातली. वरच्या आणि खालच्या भोकातून एकेक टोक आत नेऊन नाकात गाठ मारतात, बाहेर दिसतो तो फक्त कोपऱ्यातला छोटा लूप. पाणी या ट्यूबच्या आतून वाहत नाही, तिच्या बाजूने जातं, तिचं काम म्हणजे जखम भरेपर्यंत वाट मिटू न देणं. म्हणून ट्यूब असताना थोडं पाणी येत राहिलं तर ऑपरेशन फसलं असं लगेच समजू नका, मी यावर उगाच खूप रडले! साधारण दीड ते सहा महिने ठेवतात, डॉक्टरांप्रमाणे बदलतं, आणि काढताना बहुतेकदा ओपीडीतच लूप कापून नाकातून ओढून घेतात.

तोवर डोळा चोळायचा नाही, सुरुवातीला नाक शिंकरायचं नाही. लूप बाहेर लोंबायला लागला तर ओढू नका, कापू तर मुळीच नका, हलकेच चिकटपट्टीने नाकाच्या बाजूला चिकटवा आणि डॉक्टरांना फोन करा. नाकातून रक्त थांबत नसेल तर मात्र थेट हॉस्पिटल गाठायचं.

पापणीतल्या बारीक नळ्याच पार खराब झाल्या असतील तर जोन्स ट्यूब बसवतात. ती काचेची असते, पाणी खरोखर तिच्या आतून जातं आणि ती कायमची ठेवायची असते. शिंकताना डोळा मिटून कोपऱ्यावर बोट दाबायचं, नाहीतर ती सटकू शकते.