बिनमिठाच्या फेरीतली गोळी

निरोगी स्वयंसेवकांवर औषधांचे परिणाम तपासणाऱ्या विभागात मी डॉक्टर होतो, तेव्हाची गोष्ट. गोळी ओळखीचीच, आयबुप्रोफेन. सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम रोखून ती दुखणं थांबवते. तिच्यामुळे किडनीच्या गाळणीत काय फरक पडतो, ते पाहायचं होतं.

काम किचकट. एका हाताच्या शिरेतून इन्युलिन (वनस्पतींतला एक साखरेसारखा पदार्थ) सोडायचं, दुसऱ्या हातातून रक्त घ्यायचं, आणि रक्तातलं व लघवीतलं इन्युलिन मोजून गाळणीचा वेग काढायचा. इन्युलिन किडनीत नुसतं गाळलं जातं. ते परत शोषलं जात नाही, वरून मिसळतही नाही. म्हणून माझा सगळा भरवसा त्याच्यावर. दर अर्ध्या तासाला स्वयंसेवकाने ठरलेलं पाणी प्यायचं आणि मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं. थोडी लघवी आत राहिली तरी आकडा चुकतो.

पंचविशीतला तो मुलगा पहिल्या फेरीत नेहमीचं जेवून आला होता. गाळण गोळीआधी मिनिटाला ११४ मिलिलिटर, गोळीनंतर ११२. म्हणजे फरक नाहीच. दुसऱ्या फेरीआधी त्याला सहा दिवस अगदी कमी मिठाचं जेवण दिलं होतं.

त्या दिवशी गोळीनंतरची तिसरी बाटली जेमतेम अर्धी भरली.

"सगळी झाली ना?"

"डॉक्टर, आता थेंबही नाही."

सोनोग्राफी केली. मूत्राशय खरंच रिकामं होतं. पुढची बाटलीही तशीच. संध्याकाळी प्रयोगशाळेतून आकडा आला, ८८. मी हिशेब दोनदा तपासला.

कारण पुस्तकात वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना पाहणं वेगळं. मीठ कमी पडलं की शरीर अँजिओटेन्सिन हे संप्रेरक वाढवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अशा वेळी गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात, आणि ते बनवणारं एन्झाइमच आम्ही बंद पाडलं होतं. पहिल्या फेरीत किडनीला त्यांची फारशी गरजच नव्हती.

मला खरा धक्का दिला तो क्रिएटिनिनने, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या स्नायूंतल्या टाकाऊ पदार्थाने; किडनीचं काम एरवी त्यावरूनच जोखतात. त्या संध्याकाळचं रक्तातलं क्रिएटिनिन सकाळइतकंच होतं! ते साचून वर यायला वेळ लागतो. तेवढाच कागद पाहिला असता तर मी बिनदिक्कत 'बदल नाही' लिहिलं असतं.

मीठ सुरू केलं, दोन दिवसांनी पुन्हा मोजलं, गाळण ११० वर आली. त्याला आकडे दाखवले तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

"मी लांब पळायला जायच्या आधी हीच गोळी घेतो," तो म्हणाला. "पाय दुखू नयेत म्हणून. उन्हाळ्यातसुद्धा."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. घामातून किती पाणी आणि मीठ जातं, इथपासून सुरुवात केली.