पोरीच्या दातांची तार

कापसाचे पैसे हाती आले त्याच आठवड्यात पोरीच्या दातांना तार लावली. यवतमाळच्या डॉक्टरांनी ३५ हजार सांगितले. १० आधी, बाकी हप्त्यानं. आमची माय म्हणे, "लग्नाले लय वेळ आहे, आत्ताच कायले?"

लग्नाचं कोणाच्या डोक्यात होतं? वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. मधे भाकरीचा कण अडकला की ब्रश पोचतच नसे. तिथंच कीड लागली. तार दाताला हळूहळू ढकलते, एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात.

पहिल्या रात्री रडली. भाकर दुधात कुस्करून दिली. फुटाणे, बोरं बंद. परवा एक ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला बारीक तुकडा) निघालं, अन् दप्तरात बोराच्या बिया सापडल्या.